वीस मिनिटांची शांतता

परीक्षागृहातील शांतता आम्हां शिक्षकांना नवी नाही. वर्षातून दोन वेळा ती राखण्याचे काम आमच्याकडे असते. पण ही शांतता खोलीपुरती असते. खिडकीबाहेर भंगारवाला ओरडत जातो, समोरच्या मंगल कार्यालयात बँड वाजतो, एखाद्या उमेदवाराची प्रचाराची रिक्षा दोन फेऱ्या मारते, आणि आत मुले शांतपणे कवितेचे रसग्रहण लिहीत असतात. त्याचा फारसा विषाद कुणाला वाटत नाही, कारण आपल्या परीक्षा डोळ्यांच्या आणि हातांच्या आहेत. कानाला तेथे काम नसते.

चीनमध्ये ८ जूनच्या दुपारी तीन वाजता जी शांतता असते ती वेगळ्या जातीची आहे. तेथील महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत त्या दिवशी दुपारी परदेशी भाषेची, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत इंग्रजीची, प्रश्नपत्रिका असते आणि तिची पहिली वीस मिनिटे ऐकण्याची असतात. परीक्षाकेंद्राभोवतीची बांधकामे थांबतात, वाहतूक दुसरीकडे वळवली जाते, हॉर्न वाजवण्यास बंदी असते, पोलीस चौकाचौकांत उभे राहून मोटारींना हळू जाण्याची खूण करतात. प्रवेशद्वाराशी आया थांबलेल्या असतात. त्यांतल्या कित्येकींनी चिपाओ हा पारंपरिक पोशाख घातलेला असतो, कारण त्या शब्दातील ‘चि’चा उच्चार विजयपताकेच्या एका म्हणीतील ‘चि’शी जुळतो. शब्दश्लेषाने यश मिळते अशी श्रद्धा असलेला समाज आम्हां भाषेच्या शिक्षकांना जवळचा न वाटला तरच नवल. २०२४ साली या परीक्षेला सुमारे १ कोटी ३४ लाख विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली होती. (काही प्रांतांत श्रवणाचा भाग आधीच, वेगळ्या दिवशी उरकतात; ते सोडले तरी ही संख्या अवाढव्यच राहते.) शेजारच्या दक्षिण कोरियात तर नोव्हेंबरातल्या प्रवेशपरीक्षेच्या दिवशी, इंग्रजी श्रवणाच्या वेळी, देशभरातील विमानांची उड्डाणे आणि उतरणे सुमारे अर्धा तास थांबवली जातात. एका परक्या भाषेतील दोन अनोळखी माणसांचे संभाषण नीट ऐकू यावे म्हणून एखाद्या देशाने आपले आकाश मोकळे करावे, ही गोष्ट कल्पितापेक्षाही कल्पित वाटते.

मराठीच्या दोन अध्यापकांनी या विषयात का पडावे, असा प्रश्न वाचकाला पडू शकतो. निमित्त घरगुती आहे. आमच्यापैकी एकाची पुतणी २०१४ साली वैद्यकीय शिक्षणासाठी नानजिंगला गेली. महाराष्ट्रातून त्या काळी अनेक मुले चीनला वैद्यकीय शिक्षणासाठी जात. तिच्या वसतिगृहाशेजारी एक शाळा होती आणि जूनमधल्या त्या दोन दिवसांचे वर्णन ती दरवर्षी फोनवर करी. तिने आम्हांला पहिली गोष्ट शिकवली ती त्या परीक्षेच्या नावाची. आपली वृत्तपत्रे रोमन अक्षरांवरून ‘गाओकाओ’ लिहितात. ती म्हणाली, “काका, ते काओखाओ आहे. रोमनमधला ‘जी’ म्हणजे त्यांचा ‘क’, आणि ‘के’ म्हणजे ‘ख’. आपल्याकडे दोन्ही अक्षरे असताना आपण चूक कशाला करायची?” आमच्या वर्णमालेचा इतका थेट उपयोग आम्हीही कधी वर्गात सांगितला नव्हता. चिनी कान अल्पप्राण आणि महाप्राण यांतील भेद चोख ओळखतो, पण घोष-अघोष हा भेद त्याला आपल्याइतका सवयीचा नसतो. आपल्याला दोन्ही भेद जन्मजात मिळालेले असतात. या एवढ्याशा माहितीवर पुढचे बरेच काही अवलंबून आहे.

आता परीक्षेचे स्वरूप. राष्ट्रीय धर्तीच्या प्रश्नपत्रिकेत इंग्रजीला १५० गुण असतात, त्यांतील ३० श्रवणाचे. प्रश्न वीस, प्रत्येकी दीड गुण, प्रत्येकाला तीन पर्याय. पहिली पाच संभाषणे अगदी छोटी असतात, एकाने विचारावे आणि दुसऱ्याने सांगावे एवढीच, आणि ती एकदाच ऐकवली जातात. नंतरची पाच ध्वनिमुद्रणे लांब असतात, ती दोनदा वाजतात. त्यांचे प्रश्न वाचायला प्रत्येकी पाच सेकंद, उत्तर लिहायलाही पाच. आरंभी एक नमुन्याचा प्रश्न असतो: सदऱ्याची किंमत किती? तीन पर्याय, सगळे पौंडांत, आणि त्यांपैकी ९ पौंड १५ पेन्स हे उत्तर बरोबर असल्याचे तेथेच सांगून टाकलेले. हा सदरा वर्षानुवर्षे त्याच किमतीला विकला जात आहे. चीनमधल्या एका अख्ख्या पिढीला त्याची किंमत पाठ आहे आणि तिच्यावरचे विनोदही. महागाईचा स्पर्श न झालेली वस्तू जगात ही एकच असावी.

एका दुपारी विभागात कुणी नसताना आम्ही अशा एका जुन्या प्रश्नपत्रिकेचे ध्वनिमुद्रण लावून ऐकले. गुण किती पडले हा येथे मुद्दा नाही. आम्हांला कुतूहल वाटले ते त्या संभाषणांतील माणसांचे. त्यांना बहुधा नावे नसतात. असतात ते फक्त ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’. ती हॉटेलात मेज राखून ठेवतात, ग्रंथालयात पुस्तक परत करतात, सुटीत कुठे जायचे ते ठरवतात, आणि त्यांची गाडी अमुक वाजता सुटणार असते पण दहा मिनिटे उशिरा आलेली असते. तेथे कुणी कुणावर रागावत नाही, कुणाला कर्ज नसते, कुणी मरत नाही. मग प्रश्न येतात: हे संभाषण कुठे चालले असावे? या दोघांचे नाते काय? ती आता काय करील? नाटकाचा प्रवेश शिकवताना आम्ही वर्गात जे विचारतो तेच हे प्रश्न! दोन ओळींच्या संवादावरून स्थळ, नाते आणि हेतू ओळखणे हा संहितावाचनाचा पहिला धडा आहे. फरक एवढाच की एकांकिकेत माणसे जे बोलत नाहीत त्यावर सारा भर असतो, आणि येथे न बोललेल्या गोष्टीला गुणच नाहीत.

या प्रश्नांना तोंड देण्याच्या युक्त्याही तयार झालेल्या आहेत. ध्वनिमुद्रण सुरू होण्याआधी पर्याय वाचून घ्यावेत. जो आकडा सर्वांत आधी ऐकू येतो तो बहुधा फसवा असतो. ‘पण’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आला की कान टवकारावेत, उत्तर त्याच्यानंतर असते. म्हणजे ऐकण्याची परीक्षा पुन्हा थोडीशी वाचण्याचीच होते. परीक्षकाने कानासाठी दार उघडावे आणि शिकवणीवाल्यांनी त्यातून डोळ्यांना आत घ्यावे, हे आपल्यालाही ओळखीचे आहे. तरीही ही परीक्षा आणण्यामागचे कारण खरे होते असे आम्हांला वाटते. चिनी लोक स्वतःच्याच इंग्रजीला ‘मुकी इंग्रजी’ म्हणत, कधी ‘बहिरी-मुकी इंग्रजी’. व्याकरण तोंडपाठ, शब्दसंग्रह अफाट, आणि समोर माणूस उभा राहिला की गोंधळ. वाचता येणारी, पण ऐकू न येणारी भाषा. हे वर्णन वाचताना आम्हांला परके वाटले नाही.

या बहिरेपणाला इतिहास आहे. १९६६ साली सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि प्रवेशपरीक्षाच बंद पडली. त्या वर्षांत परदेशी नभोवाणी ऐकणे हा ‘शत्रूची केंद्रे ऐकण्याचा’ गुन्हा होता. रात्री पांघरुणाखाली रेडिओ कानाशी धरून इंग्रजी शिकलेली माणसे त्या पिढीत होती, आणि त्यासाठी शिक्षा भोगलेलीही. १९७७ च्या हिवाळ्यात परीक्षा पुन्हा सुरू झाली तेव्हा सुमारे ५७ लाख उमेदवार बसले आणि त्यांतील अवघ्या २ लाख ७० हजारांच्या आसपास लोकांना प्रवेश मिळाला. पाचच वर्षांनी, १९८२ साली, बीबीसीची ‘फॉलो मी’ ही इंग्रजीची मालिका चिनी दूरचित्रवाणीवर आली आणि लोक दूरचित्रवाणी असलेल्या शेजाऱ्याकडे गोळा होऊन ती पाहू लागले. जे ऐकल्याबद्दल पूर्वी शिक्षा होई ते शतकाच्या अखेरीस न ऐकल्याबद्दल गुण जाऊ लागले; श्रवणाचा भाग प्रांताप्रांतांतून परीक्षेत शिरला तो त्याच सुमारास. नव्वदच्या दशकात घराघरांत एक यंत्र आले, ध्वनिफितीवरचे एकच वाक्य पुन्हापुन्हा ऐकवणारे. ते विकणाऱ्या कंपन्यांत ‘बू बू गाओ’ (आमच्या पुतणीच्या मते ‘पु पु काओ’) ही एक होती, आणि तिच्याच कुळातून पुढे ओप्पो आणि व्हिवो हे फोन निघाले. आमच्या वर्गात शेवटच्या बाकावर जे लपूनछपून चालते त्याचे मूळ असे एका श्रवणयंत्रात आहे!

साहित्याच्या वाचकांना आणखी एक योगायोग सांगावासा वाटतो. ‘रिक्षावाला’ या अर्थाच्या कादंबरीमुळे जगभर पोचलेले लाओ श हे १९२४ ते १९२९ या काळात लंडनला चिनी भाषा शिकवत होते. आपल्या पहिल्या कादंबऱ्या त्यांनी तेथेच लिहिल्या. त्याच काळात लिंग्वाफोन कंपनीने चिनी भाषेचा तबकड्यांवरचा अभ्यासक्रम काढला आणि त्याला आवाज दिला तो याच लेखकाने. म्हणजे श्रवणाच्या पाठातला तो अनामिक आवाज एकदा तरी एका थोर कादंबरीकाराचा होता. इंग्रज विद्यार्थी त्याच्याकडून बाजारहाटाची वाक्ये शिकत होते. १९६६ च्या ऑगस्टमध्ये, परीक्षा बंद पडली त्याच वर्षी, जमावाकडून मारहाण आणि अपमान झाल्यानंतर लाओ श यांचे प्रेत बीजिंगच्या एका तळ्यात सापडले. तबकड्यांवरचा आवाज शिल्लक आहे.

पुतणीकडे परत येऊ. तिचे अध्यापन इंग्रजीतून होते. शिकवणारे चिनी, शिकणारे भारतीय. प्राध्यापक अर्थातच परीक्षा उत्तीर्ण झालेले, आणि आमच्या मुलीलाही बारावीला इंग्रजीत उत्तम गुण. तरीही पहिले तीन महिने वर्गात कुणाचे कुणाला कळत नव्हते. याची कारणे तिने स्वतःच शोधून काढली आणि ती आम्हांला कोणत्याही भाषाविज्ञानाच्या ग्रंथाइतकी मोलाची वाटतात. इंग्रज शब्दारंभीचा ‘प’ किंचित ‘फ’च्या अंगाने, हवा सोडून उच्चारतो. आपण मराठी माणसे तो शुद्ध अल्पप्राण उच्चारतो. चिनी कानाला हवा ऐकू आली नाही की तो ‘प’ राहत नाही, ‘ब’ होतो. त्यामुळे तिचा ‘पेशंट’ तिच्या वर्गमैत्रिणीला ‘बेशंट’ ऐकू येई. उलट, चिनी भाषेत शब्दाच्या शेवटी ‘न्’ किंवा अनुनासिक ‘ङ्’ यांखेरीज व्यंजन सहसा येत नाही, म्हणून प्राध्यापकांच्या बोलण्यात ‘बॅग’ आणि ‘बॅक’ यांच्या शेपट्या गळून पडत आणि ही वेंधळ्यासारखी पाहत राही. काही प्रांतांतल्या लोकांचा ‘न’ आणि ‘ल’ यांत घोटाळा, तो निराळाच. यांतले काहीही ध्वनिमुद्रणात नव्हते. तेथे प्रामुख्याने ब्रिटिश आणि अमेरिकन आवाज होते, स्वच्छ खोलीत मुद्रित केलेले. ज्या माणसांशी या मुलांना आयुष्यात इंग्रजी बोलायचे होते त्यांत मात्र सांगलीची एक मुलगी होती, तिच्याबरोबर नायजेरियाचा एक मुलगा होता.

चौथ्या महिन्यात सगळे सुरळीत झाले. कसे, असे आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, “विचारून विचारून, काका. काय म्हणालात, परत सांगा, लिहून दाखवा. त्यांनाही सवय झाली, आम्हांलाही.” आमच्या मते या परीक्षेतील मूळ अडचण येथे आहे. प्रत्यक्ष जीवनात ऐकणाऱ्याला ‘काय?’ असे विचारण्याचा हक्क असतो. आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा लागतो. आजीच्या गोष्टीला नातवाचा ‘हूं’ आला नाही तर आजी थांबते. झोपला का रे, म्हणून विचारते. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे, दासबोधात श्रवणावर स्वतंत्र समास आहे, आणि ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात तेव्हा ते समोर बसलेल्या, मान डोलावणाऱ्या, प्रसंगी वक्त्याला आवरणाऱ्या माणसांशी बोलत असतात. श्रोता हा आपल्या परंपरेत कथनाचा भागीदार आहे. काओखाओच्या श्रोत्याला हुंकाराची मुभा नाही. त्याला फक्त अवधान द्यायचे आहे, आणि तेही एकदाच. असे ऐकणे आयुष्यात कुठे लागते? रेल्वेस्थानकावरची घोषणा ऐकताना लागते, मोठ्या साहेबाची आज्ञा ऐकताना लागते. परीक्षा नेमक्या त्या प्रकारच्या श्रोत्याची निवड करते की काय, अशी शंका आमच्यापैकी एकाला येते. दुसऱ्याला ती अतिरेकी वाटते. त्याचे म्हणणे असे की सव्वा कोटी मुलांना ‘परत सांगा’ म्हणू देणारी परीक्षा कोण कशी घेणार?

आणि कान हा तर पैशाने घडतो. शांघायच्या मुलाला लहानपणापासून परदेशी शिक्षक आणि चित्रपट मिळतात. डोंगरातल्या तालुक्याच्या गावी इंग्रजीचा शिक्षकच चिनी शिक्षकाकडून इंग्रजी शिकलेला असतो. लेखी भाग घोकून भरून काढता येतो. पाठांतर ही गरिबाची जुनी संपत्ती आहे. कान असा रात्रीतून घोकता येत नाही. ध्वनिमुद्रण अनेक ठिकाणी वर्गातल्या भोंग्यावरून वाजते, तेव्हा आपली बैठक भोंग्याजवळ आली की पंख्याखाली, यावरही थोडेफार ठरते. बीजिंगने या गोष्टींवर एक उपाय काढला. २०२१ च्या प्रवेशापासून तेथे श्रवण आणि संभाषण यांची ५० गुणांची वेगळी परीक्षा संगणकावर, कानाला श्रवणिका लावून होते, वर्षातून दोन वेळा, आणि दोहोंतले चांगले गुण धरतात. जूनमध्ये उरते ते १०० गुणांचे लेखन. म्हणजे राजधानीतल्या त्या दुपारी शहराने ऐकण्यासाठी गप्प राहण्याचे कारण उरलेले नाही. ही सुधारणा आहे यात शंका नाही. पण तिला लागणारी यंत्रे, खोल्या आणि पैसा पुन्हा राजधानीजवळच आधी असतो.

आम्ही दोघेही मराठी माध्यमाचे. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून येई. पहिलीपासून ते महाराष्ट्रात २००० साली आले. ती भाषा आम्हांला मराठी आवाजात भेटली. गुरुजी वाचत, आम्ही मागून म्हणत असू, आणि प्रत्येक अक्षराला त्याचा पूर्ण मान मिळे. या इंग्रजीने आम्ही टीकाग्रंथ वाचले, त्यांवर वाद घातले. चर्चासत्रात परदेशी पाहुणा बोलू लागला की मात्र पहिली दहा मिनिटे त्याच्या आवाजाशी ओळख करून घेण्यात जातात. त्याबद्दल आम्हांला संकोच वाटत नाही. पण पंधरा-सतरा वर्षांपूर्वी एखाद्या परीक्षेने आम्हांला त्या पहिल्या दहा मिनिटांवरच जोखले असते तर आज आम्ही कुठे असतो, हा विचार चिनी मुलांविषयी वाचताना वारंवार आला.

शेवटी एका नियमाविषयी. २०१७ च्या चिनी नियमावलीप्रमाणे गंभीर श्रवणदोष असलेल्या उमेदवाराला परदेशी भाषेच्या श्रवणातून सूट मिळू शकते. मग त्याचे लेखी गुण पूर्ण गुणांच्या प्रमाणात वाढवतात. १२० पैकी ९० मिळाले तर ते १५० पैकी ११२.५ धरायचे. आमच्या वर्गात गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी होती. ऐकू फार कमी येते, म्हणून ओठ वाचते. पहिल्या बाकावर बसते आणि आम्ही फळ्याकडे तोंड करून बोललो की वही खाली ठेवते. तिला हा नियम आम्ही लिहून दाखवला. तिला तो न्याय्य वाटला, मात्र एक हरकत होती. तिने वहीत लिहिले: “मी ऐकते. मला कानाने येत नाही एवढेच. मला सूट नको, बोलणाऱ्याचा चेहरा हवा.” ध्वनिमुद्रणाला चेहरा नसतो, ही गोष्ट आमच्या इतक्या चर्चेत आमच्या लक्षात आली नव्हती.

या सत्रापासून आमच्या विभागाने अंतर्गत मूल्यमापनात मराठी श्रवणाचे दहा गुण ठेवले आहेत. पहिल्या खेपेस एका वृद्ध शेतकऱ्याची मालवणीतील मुलाखत ऐकवली. आमच्या सांगली-साताऱ्याकडच्या मुलांना निम्मी कळली नाही. पुढच्या खेपेस झाडीबोली घ्यायची आहे, आणि तीही पडद्यावर, बोलणाऱ्याचा चेहरा दिसेल अशी. ती एकदा ऐकवायची की दोनदा, यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही. तूर्त दोनदा ऐकवायचे ठरले आहे, आणि मधल्या वेळात मुलांनी प्रत्येकी एक प्रश्न विचारावा, अशी सवलत ठेवली आहे.